माणगाव खोऱ्यातली स्वप्ननगरी

कोल्हापूरहून कुडाळला जाणारी सकाळची एसटी आम्ही पकडली, तेव्हा फज्रची नमाज होऊन जेमतेम तास झाला होता. २०१४ चा एप्रिल. सोबत माझा थोरला मुलगा, वय १९. जन्मताना तो उशिरा रडला. पुढं डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं. दोन्ही पाय ताठ, उजव्या हातात जोर नाही आणि तो थरथरतो. डावा हात मात्र खणखणीत. कुबड्यांवर चालतो. बुद्धीला काही झालेलं नाही, हे मला आयुष्यभर लोकांना सांगावं लागलं आहे. इथंही सांगून टाकते.

एसटीत अपंगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. सवलत आहे, पण पायरी तेवढीच उंच आहे. कंडक्टरनं खाली उतरून काखेत हात घातला आणि त्याला वर घेतलं. भला माणूस. मुलगा मात्र खिडकीबाहेर बघत बसला. कोणी उचललेलं त्याला आवडत नाही.

हा प्रवास का निघाला, ते आधी सांगायला हवं. पोरगं बारावी झालं, संगणकाचा एमएस-सीआयटीचा कोर्स झाला. जाहिरात वाचून एका ठिकाणी नोकरीसाठी गेलं. खांद्याला शबनम, त्यात सर्टिफिकेटांची फाईल. काउंटरवरच्या गृहस्थानं कुबड्या बघितल्या, गल्ला उघडला आणि दहाची नोट पुढं केली. वर म्हणाला, "शुक्रवारी येत जा, आम्ही शुक्रवारी देतो." पोरानं नोट काउंटरवर ठेवली आणि घरी आलं. रिक्षा केली नाही, दीड किलोमीटर चालत आलं. रात्री जेवताना मला एवढंच विचारलं, "अम्मी, मैं मंगनेवाला दिखता क्या?"

त्या माणसाचा राग मला होताच, पण खरं सांगायचं तर पूर्ण चूक त्याची एकट्याची नव्हती. जुम्याला मशिदीच्या दारात कुबड्या घेऊन कोण बसलेलं असतं? आपण त्यांना देतो आणि आत जातो. वर्षानुवर्षं कुबडी दिसली की खिशात हात घालायची सवय आपल्या सगळ्यांच्या हाताला लागली आहे. त्याच्याही हाताला लागली होती, इतकंच.

माझ्या भावाचं, म्हणजे पोराच्या मामूचं, उद्यमनगरात मशिनरीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याला ही हकीकत कळली तेव्हा त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आपा, मी महिन्याला दोन हजार देत जाईन. त्याला दुकानात यायची गरज नाही, घरी बसू दे आरामात." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. पोरानं विचारलं, "मामू, काम नाही तर पैसे कशाचे?" भाऊ गप्प झाला. नंतर बरेच दिवस त्यानं विषय काढला नाही.

कोल्हापूरजवळ उचगावला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था आहे, तिथल्या 'घरौंदा' वसतिगृहात चौकशीला गेलो. ही संस्था १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसोबत उभी केली. दीदींचा जन्म १९५० सालचा, सोलापूरचा. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. चाकाच्या खुर्चीवरून त्या शिकल्या, केंद्रीय अबकारी आणि सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि नोकरी सांभाळत हे काम केलं. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र पुष्कळांनी वाचलं असेल. आमच्या मोहल्ल्यात मात्र मी विचारलं, तर दहापैकी दोघींना नाव ठाऊक. आपल्याच गावातली, आपल्याच घरासारख्या घरातली बाई, आणि आपल्याला टीव्हीवरच्या नट्या जास्त पाठ!

उचगावात कळलं की संस्थेची आणखी एक जागा कोकणात आहे. कुडाळ तालुक्यात मौजे मोरे इथं. तिथं अपंग मुलं-मुली काजूचा कारखाना चालवतात. नाव स्वप्ननगरी. फोन करून परवानगी घेतली आणि निघालो.

गगनबावड्यापर्यंत उसाची शेतं, मग जंगल, मग करूळ घाट. घाटात गाडी वळू लागली की त्याला तोल सांभाळता येत नाही, म्हणून मी त्याच्या कडेला घट्ट बसले. वैभववाडी, तळेरे, कणकवली करत कुडाळला पोचेपर्यंत दुपार झाली. तळेऱ्याला पानांच्या द्रोणात करवंदं विकायला आली होती. मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यानं नको म्हटलं. घाटात एकदा नको म्हटलं, कणकवलीत पुन्हा नको म्हटलं. मला वाटलं, गाडी लागली असेल.

कुडाळात माझी मावसबहीण असते. तिनं सांदणं करून ठेवली होती आणि सोबत नारळाचा रस. ती मालवणी बोलते, माझी बोली दखनी, मध्ये मराठी. तिनं पहिलाच प्रश्न केला, "पोराक थंय ठेवतलंस?" मी म्हटलं, बघायला चाललोय. पण हाच प्रश्न घेऊन मी घरून निघाले होते. ठेवायचं का? आणि ठेवलं तर त्याला भात कालवून कोण देणार? १९ वर्षांच्या मुलाचा भात मी तोवर कालवून देत होते, हे लिहिताना आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं माणगावच्या वाटेला लागलो. हे खोरं फार सुंदर आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यातच मनोहर-मनसंतोष गडांची जोडी. खाली माडा-पोफळीच्या बागा, आणि डोंगरउतारावर जिकडं तिकडं काजू. एप्रिल म्हणजे काजूच्या हंगामाचे दिवस. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडतो, बी काढून घेतात आणि बोंडू तिथंच आंबतो. त्याचा गोडसर, थोडा डोक्यात चढणारा वास रस्ताभर येतो. मला तो आवडला नाही. रिक्षावाला म्हणाला, कोकणात जन्मलात की आवडतो.

स्वप्ननगरीच्या आवारात शिरल्यावर मला आधी काही वेगळं दिसलं नाही. बैठ्या इमारती, झाडं, वाळत घातलेली काजूबी. मुलाला मात्र लगेच दिसलं. "अम्मी, पायऱ्या नाहीत." एका दारातून दुसऱ्या दारात जायला सगळीकडं उतार. दारं रुंद. तो मला काही न विचारता सरळ स्वच्छतागृहात गेला, एकटा. परत आला आणि माठातलं दोन ग्लास पाणी प्यायला. तेव्हा कुठं मला कळलं की कालपासून तो पाणी का पीत नव्हता. शाळेतही पीत नव्हता, कोर्सलाही पीत नव्हता. बाहेर संडासात त्याला जाता येत नाही, म्हणून तो दिवसदिवस घसा कोरडा ठेवून काढायचा. मी त्याची आई, आणि मला हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं.

काजू हा दिसतो तितका साधा माल नाही. झाडावरून काढलेली बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. मग वाफेवर शिजवतात, म्हणजे टरफल नरम होतं. ती थंड झाली की फोडायची. टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, म्हणून हाताला मोजे किंवा तेल. फोडायच्या यंत्राला दोन पाती असतात. पायाच्या पट्टीनं बी पात्यात धरायची, हातातल्या दांडीनं टरफल उघडायचं. समोर बसलेल्यानं टोकदार सुईनं गर अलगद बाहेर काढायचा.

म्हणजे एका बीला दोन माणसं लागतात, आणि इथंच मला गंमत कळली. ज्याचे पाय धड आहेत पण कानानं ऐकू येत नाही, तो यंत्रावर. जिचे पाय नाहीत पण बोटं चपळ आहेत, ती समोर सुई घेऊन चाकाच्या खुर्चीत. दोघं खुणांनी बोलत होती. मधूनच त्यांचं काहीतरी बिनसलं आणि हातवाऱ्यांचं जोरदार भांडण झालं. बाजूचे सगळे हसले. कामाच्या ठिकाणी होतं तसंच भांडण. मला फार बरं वाटलं.

पुढं गर भट्टीत सुकवतात, म्हणजे वरची लालसर साल सुटी होते. ती साल चाकूच्या टोकानं काढायची. मग प्रतवारी. पांढरा अख्खा गर आकारानं निवडतात: १८०, २१०, २४०, ३२० असे नंबर असतात. एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती काजू बसतात तो हा नंबर. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. अर्धा झाला की पाकळी, आणखी तुटला की तुकडा, मग कणी. प्रत्येक पायरीला भाव उतरतो. चार किलो बीमधून साधारण एक किलो गर निघतो, त्यामुळं अख्खा गर तुटणं म्हणजे सरळ नुकसान.

हा हिशेब मी मुद्दाम लिहिते आहे. अपंगांना कामावर घ्यायचं म्हटलं की मालक पहिलं म्हणतो, "काम सावकाश होतं." पण काजू सोलताना घाई करणारा हात गर तोडतो. सावकाश सोलणाऱ्या मुलीच्या ताटात अख्खे गर जास्त असतील, तर स्वस्तात कोण पडलं? प्रत्येक धंद्यात असं असेल असं मी म्हणत नाही. पण आपल्या धंद्यात कुठं वेग लागतो आणि कुठं लागत नाही, एवढं तरी मालकानं बसून बघावं की नाही?

माझ्या मुलालाही सोलायला बसवलं. उजवा हात थरथरतो, त्यामुळं पहिले सहा गर तुटले. सातवाही तुटला. कोणी "असू दे, असू दे" म्हटलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी ताट काढून घेतलं, "हे तुझं काम नव्हे" म्हणाल्या आणि त्याला वजनकाट्याशी बसवलं. कोणाच्या ताटातून किती अख्खा, किती पाकळी, किती तुकडा निघाला, ते वहीत मांडायचं. डाव्या हातानं तो भराभर लिहितो. तासाभरानं त्यानं बाईंना दाखवलं की आदल्या पानावरची एक बेरीज चुकली आहे. बाईंनी चष्मा लावून बघितली, मान डोलावली आणि दुरुस्त केली. त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी लिहीत नाही.

जेवताना शेजारी चाकाच्या खुर्चीतला एक तरुण होता, पंचविशीचा. मराठवाड्यातल्या खेड्यातला. सांगत होता, पहिल्या पैशातून आईला मिक्सर घेऊन दिला. तो तिनं सहा महिने खोक्यातून बाहेरच काढला नाही. आल्या-गेल्याला खोकंच दाखवायची. मुलानं त्याला विचारलं, "इथं कायम राहणार?" तो म्हणाला, "माहीत नाही. गावात घरासमोर चिखल आहे. खुर्ची जात नाही. चिखल नसता तर तिथंच काहीतरी केलं असतं."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. अशी जागा असावी की नसावी? तिथं मला दिलासा वाटला आणि टोचलंही. डोंगराच्या पायथ्याशी, शहरापासून दूर, एक गाव असं आहे जिथं पायऱ्या नाहीत. बाकी सगळी गावं तशीच राहिली तर? माझं मत असं की स्वप्ननगरी हवीच, कारण तिथं जे येतात त्यातल्या अनेकांना घरात कोपरासुद्धा नव्हता. पण तिच्याकडं बोट दाखवून आपण आपल्या दुकानाची पायरी तशीच ठेवायची, हे बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यात काहीतरी कामधंदा करणारे १०० पैकी ३६, आणि बायकांमध्ये तर १०० पैकी २३. इतक्या लोकांना पुरतील एवढ्या स्वप्ननगऱ्या कोण बांधणार?

सरकारी नोकरीत तेव्हा ३ टक्के जागा राखीव होत्या, २०१६ च्या नव्या कायद्यानं त्या ४ टक्के झाल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. खाजगी मालकावर मात्र तशी सक्ती नाही, त्याला उत्तेजन द्यावं एवढंच कायदा म्हणतो. मधल्या काळात सरकारनं 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द आणला. माझा मुलगा म्हणतो, नाव वाढलं, एसटीची पायरी कमी झाली नाही.

असरची वेळ झाली तेव्हा त्यानं किब्ल्याची दिशा विचारली. एका पोरानं सरळ समुद्राच्या बाजूला हात केला. व्हरांड्यात खुर्चीवर बसून त्यानं नमाज पढली. निघायच्या आधी त्यानं वही काढली आणि एका कामगाराला प्रश्न विचारत बसला. उतार किती ठेवायचा? एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी. दार किती रुंद? संडासात धरायचा दांडा कुठल्या उंचीवर? सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, घरासाठी.

परतीच्या एसटीत मी भीत भीत विचारलं, "राहशील का तिथं? शिकशील काही?"

"नको. माझ्या हाताला काजू जमत नाही," तो म्हणाला. "मामूंच्या दुकानाची पायरी आठ इंचाची आहे. म्हणजे आठ फूट उतार लागेल. समोर जागा पाचच फूट आहे."

मग घाट चढेपर्यंत तो गप्प होता. गगनबावड्याला म्हणाला, "भिंतीच्या कडेनं आडवा घेतला तर बसतो."

भावाला पटवणं सोपं गेलं नाही. तो म्हणे, गिऱ्हाईक काय म्हणेल, मी भाच्याला राबवतो म्हणेल. त्याच्या प्रेमात खोट नव्हती, म्हणूनच वाद अवघड होता. शेवटी मी त्याला हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांची आठवण दिली. तो पाच वक्तांचा नमाजी, त्याला सांगायची गरज नव्हती. अंध सहाबी. ते अजान देत, आणि प्रेषित (स.) मदिनेबाहेर गेले असता मदिना त्यांच्यावर सोपवून गेले आहेत. घरी बसा, आम्ही धान्य पोचवतो, असं त्यांना कोणी म्हटलं नाही. भाऊ बराच वेळ दाढी कुरवाळत बसला. मग म्हणाला, "उतार किती फूट म्हणालास?"

सिमेंटचा उतार, संडासात लोखंडी दांडा आणि कमोड, आणि बेअरिंगच्या खोक्यांचे नंबर वरच्या फळीवरून खालच्या फळीवर. एवढंच करावं लागलं. दांडा दुकानातल्याच पाइपचा होता. मुलगा स्टॉकचं रजिस्टर सांभाळू लागला, पुढं ते संगणकावर आणलं. कुरबुरी झाल्याच. पहिले चार महिने मामूनं त्याला दुसऱ्या पोरापेक्षा कमी पगार दिला. पोरानं तोंडावर विचारलं, मामू रागावला, दोन दिवस अबोला. मी मध्ये पडले नाही. पडायची फार इच्छा झाली होती. पाचव्या महिन्यापासून पगार सारखा झाला.

दुसऱ्या वर्षी त्याच्या हातून इचलकरंजीच्या एका गिऱ्हाईकाला चुकीचा माल गेला. मामूनं सगळ्यांसमोर झापलं आणि वाहतुकीचे तीनशे रुपये पगारातून कापले. मी भडकले, फोन उचलला. मुलानं माझ्या हातातून काढून घेतला. "त्या दुसऱ्याचेही मागे कापले होते, अम्मी. ठेव."

आता तो एकतिशीत आहे. भात स्वतः कालवून खातो, सांडतो थोडा. दरवर्षी रमजान ईदच्या आधी शीरखुर्म्यासाठी काजू, चारोळी, खारीक आणायचं काम त्याच्याकडं असतं. मी अख्खा काजू सांगते. तो लक्ष्मीपुरीतून पाकळी घेऊन येतो, पिशवी ओट्यावर ठेवतो आणि मला काय भावानं मिळाली ते सांगतो. चिरायचाच आहे तर अख्ख्याचे पैसे कशाला मोजायचे, असं त्याचं म्हणणं.